ऑर्थोची तीन वर्षं: कुठल्या पोस्टिंगमध्ये काय शिकायचं

एमएस ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर पदवीची, सीट मिळाली की पहिले आठ दिवस अभिनंदनाचे फोन घेण्यात जातात. नवव्या दिवशी अंगावर एप्रन असतो, समोर स्ट्रेचर असतं आणि सिनियर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला असतो. त्या दिवसासाठी आणि त्यापुढच्या छत्तीस महिन्यांसाठी हा लेख आहे. मी सांगली-मिरज भागात हाडांचीच प्रॅक्टिस करतो. नव्या रेसिडेंट्सशी, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या या पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी, रोजचं बोलणं असतं. "सर, या पोस्टिंगमध्ये नक्की करायचं काय?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय, की एकदाचं नीट लिहून काढायचं ठरवलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्येक फर्स्ट इयरचा जीव ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, अडकलेला असतो. आज हाडात नेल (सळई) कोण मारणार, प्लेटच्या ऑपरेशनला हात धुऊन कोण उभं राहणार, सगळी चर्चा तीच. कॅज्युअल्टी, प्लास्टर रूम, ड्रेसिंग, ओपीडी ही कामं त्याला मधली अडचण वाटतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ऑपरेशन शिकवायला सिनियर असतात, व्हिडिओ असतात, वर्कशॉप असतात. सुजलेलं बोट बघून रात्री दोन वाजता काय करायचं, हे मात्र त्या "अडचणीच्या" पोस्टिंगमध्येच शिकता येतं आणि तिथे हुकलेलं नंतर कुणी शिकवत नाही. म्हणून ऑपरेशनच्या मागे न धावता पेशंटच्या मागे जा. ज्याला तुम्ही कॅज्युअल्टीत घेतलं, त्याचा स्लॅब (एका बाजूने घातलेलं अर्धं प्लास्टर) तुम्ही द्या, त्याच्याच ऑपरेशनला उभे राहा, टाके काढा आणि सहा आठवड्यांनी त्याचा एक्स-रेही तुम्हीच बघा. अशा पन्नास पेशंटची साखळी पूर्ण झाली, तर पहिलं वर्ष सार्थकी लागलं समजा.

आपला भाग आधी ओळखा

या पट्ट्याला वैद्यकीय शिक्षणाची जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. तिथल्या रेसिडेंटचं काम मिरजेचं रुग्णालय आणि सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल', अशा दोन ठिकाणी चालतं. सांगलीतच भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे, कराडला कृष्णा आहे. ही दोन्ही अभिमत विद्यापीठांची, तर मिरजेची परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. त्यामुळे वेळापत्रक, लॉगबुकचा नमुना, बाहेरच्या पोस्टिंगचे दिवस कॉलेजगणिक बदलतात. रुजू झाल्या झाल्या विभागाच्या ऑफिसातून तुमच्या बॅचचं रोटेशनचं पत्रक मागून घ्या आणि खोलीतल्या भिंतीवर चिकटवा.

पेशंट मात्र सगळीकडे तेच. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले, की ऊसतोडीच्या टोळ्या, बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि रात्री त्या ट्रॉलीला मागून धडकलेले मोटरसायकलवाले. कडबाकुट्टीत गेलेली बोटं बारा महिने. चिंचा झोडायच्या दिवसांत झाडावरून पडलेले. पुणे-बंगळूर महामार्गावरचे अपघात कराड-साताऱ्याला, रेल्वेखालचे मिरजेला. तालमीतून निखळलेले खांदे आणि गुडघे. शिवाय मिरजेत अथणी-चिकोडीकडचे पेशंट इतके येतात, की दोन-चार कन्नड वाक्यं पहिल्याच महिन्यात पाठ करावीत. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय आणि "बेरळु अल्लाडिसि" म्हणजे बोटं हलवा. या दोन वाक्यांवर बरीच तपासणी निभावते.

कॅज्युअल्टी: वाकड्या पायाकडे आधी बघू नका

ट्रॉमाच्या पोस्टिंगचा पहिला धडा डोळ्यांचा आहे. स्ट्रेचरवरचा माणूस आला, की नजर आपोआप वाकड्या झालेल्या मांडीकडे जाते. ती मुद्दाम वर न्या. श्वास, रक्तदाब, पोट, डोकं, मान. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त सहज जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. कंबरेचं हाड मोडलं तर त्याहून जास्त. पेल्विक बाइंडर नसेल तर चादर चालते, पण ती बांधायची जागा चुकते. पोटाला पट्टा बांधल्यासारखी वर बांधतात. ती मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरच्या पातळीवर यायला हवी.

त्यानंतर हात-पाय. क्रम ठरवून टाका आणि कितीही गर्दी असली तरी मोडू नका: आधी कातडी, मग नाडी, मग नस (नर्व्ह), मग हाड. रिडक्शन करायच्या, म्हणजे हाड ओढून जागेवर बसवायच्या, आधी नाडी आणि नस तपासून वेळेसकट लिहा, रिडक्शननंतर पुन्हा तपासा, पुन्हा लिहा. आधी लिहिलं नाही आणि नंतर मनगट लुळं पडलेलं दिसलं, तर ते अपघाताने झालं की तुमच्या ओढण्याने, हे तुम्ही स्वतःलासुद्धा सांगू शकणार नाही. एमएलसीच्या (पोलिस केसच्या) कागदावर डावा-उजवा हा शब्द पूर्ण लिहा, अक्षरखुणा नकोत.

लहान मुलाच्या कोपराच्या वरचं फ्रॅक्चर हा या पोस्टिंगमधला नेहमीचा पेशंट. चार-पाच वर्षांचं पोर, झोपाळ्यावरून किंवा कट्ट्यावरून पडलेलं, हात धरून भोकाड पसरलेलं. त्याला "बोट वर कर, खाली कर" सांगून काही होत नाही. त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळा. मूठ वळली की मीडियन नस शाबूत, पंजा उघडून मनगट उचललं की रेडियल, कात्रीसारखी दोन बोटं फाकवली की अल्नर. शेवटी अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल करून "छान"ची खूण करायला लावा. गोल न होता बोटांच्या पेरांची चोच झाली, तर अँटीरियर इंटरऑसियस नस गेलेली आहे आणि या फ्रॅक्चरमध्ये हीच नस सर्वांत जास्त वेळा दुखावते. अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे. मी तो प्रत्येक नव्या रेसिडेंटकडून माझ्यासमोर करून घेतो, कारण "डिस्टल न्यूरोव्हॅस्क्युलर नॉर्मल" हे वाक्य हात न लावताही लिहिता येतं.

उघड्या फ्रॅक्चरचा क्रम पाठ असावा. फोटो काढा, ढोबळ घाण सलाइनने धुवा, सलाइनचा ओला गॉज ठेवून झाका, टिटॅनसचं इंजेक्शन द्या, पहिला अँटीबायोटिकचा डोस जमेल तितक्या लवकर, तासाच्या आत, शिरेतून द्या आणि स्प्लिंट लावा. जखम शेणामातीत माखलेली असेल तर तसं सिनियरला आवर्जून सांगा, औषधं बदलतात. फोटो काढायचा तो एवढ्यासाठी, की प्रत्येक येणाऱ्या डॉक्टरला दाखवायला पट्टी पुन्हा पुन्हा सोडावी लागू नये. त्या फोटोत चेहरा येऊ देऊ नका आणि तो फोटो कामाशिवाय कुठेही पाठवू नका. कडबाकुट्टीत बोट तुटून वेगळं झालं असेल, तर ते ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवलं तर ते कामातून जातं. घरचे फोनवर विचारत असतील, तर हेच त्यांना निघायच्या आधी सांगा.

झाडावरून किंवा घराच्या स्लॅबवरून टाचांवर पडलेल्या माणसाची टाच मोडलेली दिसली, तर पाठीच्या मणक्याला हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. निखळलेला खुबा सहा तासांच्या आत जागेवर बसायला हवा, त्यासाठी सकाळच्या ओटीची वाट बघायची नसते. एक्स-रे नेहमी दोन बाजूंनी आणि हाडाच्या वरचा-खालचा सांधा धरून.

आता सिनियरला फोन. ही स्वतंत्र शिकायची गोष्ट आहे. "सर, एक टिबिया (नडगीचं हाड) आलाय" एवढ्यावर झोपेतून उठलेल्या माणसाला काही कळत नाही. असं बोला: "सर, पस्तीस वर्षांचा पुरुष, दीड तासापूर्वी ट्रॉलीला मोटरसायकल धडकली. बीपी 110-70, डोकं-पोट ठीक. उजवी टिबिया, आतल्या बाजूला चार सेंटीमीटर जखम, हाड दिसतंय. नाडी लागतेय, अंगठा वर येतोय. सलाइन, अँटीबायोटिक, टीटी, स्लॅब झालं. रक्त क्रॉसमॅचला गेलंय. ओटी तयार करू का?" अर्ध्या मिनिटात सगळं येतं. पहिले पंधरा दिवस कागदावर लिहून मग फोन करा, लाज वाटून घेऊ नका.

प्लास्टर रूम

माझ्या मते तीन वर्षांतली सर्वांत मोलाची जागा ही. इथला गुरू बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. वीस-पंचवीस वर्षं प्लास्टर लावणारे मामा असतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या शेजारी नुसते उभे राहा, पाय धरा, बादली भरा. त्यांचे तळहात बघा. ते प्लास्टरला बोटांच्या टोकांनी कधीच धरत नाहीत, कारण बोटाचा खड्डा आत कातडीवर उमटतो आणि तीन दिवसांनी तिथे फोड येतो.

पाणी साधं किंवा जेमतेम कोमट घ्या. गरम पाण्यात प्लास्टर भरभर घट्ट होतं खरं, पण घट्ट होताना ते स्वतःच तापतं आणि जाड स्लॅबखाली कातडी भाजू शकते. हाताला आठ-दहा पदर, पायाला बारा ते सोळा. कापूस सगळीकडे सारखा आणि हाडाच्या उंचवट्यांवर जास्त: घोटे, टाच, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं फिब्युलाचं डोकं. या शेवटच्या जागेवर दाब आला तर पाऊल लुळं पडतं आणि फ्रॅक्चर जुळूनही माणूस पाय फरपटत चालतो. मनगटाचा स्लॅब तळहातावरच्या आडव्या घडीच्या अलीकडे संपवा, म्हणजे मूठ पूर्ण वळते. पाऊल काटकोनात ठेवा, आणि प्लास्टर सुकेपर्यंत ते धरून ठेवणारा माणूस कंटाळणार नाही असा निवडा. ताज्या मारावर पूर्ण गोल प्लास्टर घालू नका. सूज उतरेपर्यंत स्लॅबच.

आणि दागिने. अंगठ्या, बांगड्या, पायातली जोडवी, मनगटातला काळा दोरा, हे सगळं स्लॅबच्या आधी निघायला हवं, नंतर सुजेमुळे निघत नाही. नवी नवरी चुडा कापू द्यायला तयार होत नाही, म्हातारी जोडवी काढायला नको म्हणते. त्यांच्यावर खेकसू नका. "मावशी, रुमालात बांधून तुमच्याच हातात देतो, सूज उतरली की घाला" असं म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात. बांगडी कापावीच लागली, तर तुकडे गोळा करून घरच्यांकडे द्या.

माझ्या पहिल्या वर्षातली एक रात्र सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा, कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली, संध्याकाळी मीच प्लास्टर दिलेलं. रात्री साडेअकराला वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला, पोरगं रडतंय. मी फोनवरच दुखायचं औषध वाढवायला सांगितलं. दीड वाजता पुन्हा फोन: "डॉक्टर, औषध दिलंय, तरी थांबत नाही. तुम्ही येऊन बघा." मी कॅज्युअल्टीतल्या गर्दीचं कारण दिलं. अडीचला त्या सिस्टर स्वतः मला शोधत आल्या. जाऊन बोटं हळूच सरळ केली, तर पोरगं किंचाळलं. प्लास्टर वरपासून खालपर्यंत फोडलं, कापूसही कातडी दिसेपर्यंत कापला, हात छातीच्या पातळीवर ठेवला. वीस मिनिटांत ते झोपलं. आई म्हणाली, "मगाधरनं सांगतोय ओ आमी, ह्येच्या हाताला मुंग्या आल्यात." तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि तो 'कुणी' मीच होतो. हात वाचला. आणखी दोन तास गेले असते तर काय झालं असतं, हे पुस्तकात फोटोसकट दिलेलं आहे.

म्हणून हे पक्कं करा. औषधाने न थांबणारा, मारापेक्षा जास्त वाटणारा ठणका आणि बोटं हलकेच ताणल्यावर होणारी कळ, ही कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे आतल्या सुजेच्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्याची, पहिली लक्षणं. नाडी शेवटपर्यंत लागत राहू शकते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. आधी प्लास्टर आणि कापूस पूर्ण फोडा, हात-पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच टांगू नका, आणि लगेच सिनियरला बोलवा. फोडून आराम पडला नाही तर फॅशियोटॉमी (स्नायूंवरचं आवरण कापून दाब मोकळा करणं) लागेल आणि तिथे तासांचा हिशेब असतो. फ्रॅक्चरची जागा थोडी हलली तरी चालेल, पुन्हा बसवता येते. मेलेला स्नायू परत येत नाही.

घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडी सांगा, त्यांच्याकडून परत वदवून घ्या आणि कागदावर मराठीत लिहून द्या: बोटं सुजली, काळीनिळी पडली, बधिर झाली, ठणका थांबेना, तर सकाळची वाट न बघता परत या.

याच खोलीत हाडवैद्याकडून आलेले पेशंटही भेटतील. तेल चोळलेलं, बांबूच्या कामट्या करकचून बांधलेल्या, खाली फोड. घरच्यांवर ओरडायचा मोह होतो. गावात रात्री दहाला कोण उपलब्ध होतं, भाड्याच्या गाडीला पैसे होते का, हे आधी विचारा. कामट्या कापा, नाडी-नस बघा, फोटो काढा, लिहा. त्यांना अपमान वाटला तर ते पुढच्या तपासणीला येणार नाहीत, आणि नुकसान त्या पोराच्या हाताचं होईल.

वॉर्ड

सकाळच्या राउंडच्या आधी एक फेरी तुमची एकट्याची. प्रत्येक खाटेपाशी चार गोष्टी: बोटं, पट्टी, पाठ, लघवी. पाठ म्हणजे माकडहाडाजवळची कातडी. ती लाल झालेली तुम्हाला दिसली तर बेडसोर टळतो, नातेवाइकांनी वास आल्यावर सांगितला तर महिने जातात.

खुबा मोडलेली सत्तरीची आजी ही वॉर्डातली सर्वांत नाजूक पेशंट. तिचं ऑपरेशन 48 तासांच्या आत व्हावं असा प्रयत्न असतो. हाड घाईत जुळवायचं म्हणून ही धावपळ नसते. पडून राहिलं की छाती भरते, पायात गुठळी होते, रात्री भ्रम होतो, म्हणून ही घाई. उशीर कुठे होतो ते नीट बघा. हिमोग्लोबिन कमी, टू-डी इकोची तारीख नाही, फिटनेस अडकलाय, आणि बहुतेक वेळा कागद अपुरे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार, एक्स-रे अपलोड, मग मंजुरी. आरोग्यमित्राशी (रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाशी) पहिल्या दिवशी ओळख करून घ्या आणि पेशंट भरती होतानाच नातेवाइकांना कागद आणायला पाठवा. मुलगा पुण्यात, कार्ड जतला आणि आजी वॉर्डात, अशी परिस्थिती रोजची आहे. हा एक दिवस वाचवणं पूर्णपणे रेसिडेंटच्या हातात असतं. हे कारकुनाचं काम म्हणून सोडून देणारे रेसिडेंट मला पटत नाहीत.

ओटी

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण इथलं शिकवायला बरेच जण आहेत. आदल्या रात्री एक्स-रेवर नेलची लांबी, प्लेटची भोकं मोजा आणि ओटीतल्या सिस्टरांबरोबर ट्रे उघडून ती साइझ खरोखर आहे का ते बघा. ऑपरेशनची बाजू पेशंट जागा असताना मार्करने खूण करा. पोझिशन आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) स्वतः लावा. टेबलावर पेशंट चुकीचा ठेवला तर पुढचे दोन तास सगळेच झगडतात. टूर्निकेटची, म्हणजे रक्त थांबवायला बांधलेल्या पट्ट्याची, वेळ फळ्यावर लिहा, दोन तासांची मर्यादा मोठ्याने सांगत राहा. लेड एप्रनबरोबर गळ्याचं थायरॉइड शील्ड रोज घाला, कितीही उकडलं तरी.

शिडी अशी असते: पोझिशन, धरणं, जखम शिवणं, एक्स्पोजर (छेद घेऊन हाडापर्यंत पोहोचणं), एखादा स्क्रू, मग पूर्ण केस. पायऱ्या गाळून वर गेलेला थर्ड इयरला अडखळतो. कुणी केस दिली नाही म्हणून कुढत बसण्यापेक्षा सिनियरला विचारा, "सर, पुढच्या डीएचएसचं (खुब्याच्या स्क्रूच्या ऑपरेशनचं) एक्स्पोजर मी करू का? वाचून आलोय." बहुतेक वेळा हो म्हणतात. लॉगबुक त्याच रात्री भरा. महिनाअखेरीला आठवून भरलेलं लॉगबुक खोटं होतं, आणि व्हायवात तिथेच बोट ठेवलं जातं.

ओपीडी आणि लहान मुलांचं क्लिनिक

ओपीडीत रोज दोनशे गुडघे बघून कंटाळा येईल. पण आपण जुळवलेलं हाड कसं जुळलं, हे फक्त इथेच कळतं. स्वतः केलेल्या प्रत्येक फ्रॅक्चरचा नोंदणी क्रमांक वहीत ठेवा, सहा आठवडे आणि तीन महिन्यांच्या तारखेला त्या पेशंटला नावाने शोधा. वाकडं जुळलेलं मनगट बघून जेवढं शिकता, तेवढं सरळ जुळलेल्या दहा बघून शिकत नाही. रात्री झोपेत ओरडून उठणारं मूल, संध्याकाळचा बारीक ताप, पाठीवर छोटा उंचवटा, अशा वेळी कॅल्शियमची गोळी लिहून वाटेला लावू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे नेहमीचाच आहे, वेळेत धरला तर पाय वाचतात.

क्लबफूट (जन्मतः आत वळलेलं पाऊल) क्लिनिक मिळालं तर चिकटून राहा. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पायाचा आकार थोडा थोडा बदलत मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेक बाळांत टाचेमागचा टेंडन छोट्या छेदाने मोकळा करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. हाताला जे कळायला हवं ते असं: अंगठा टॅलस हाडाच्या डोक्यावर टेकवायचा आणि पुढचं पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवायचं, मुरगाळून तळवा बाहेर वळवायचा नाही. बाळाला आईच्या अंगावर दूध पीत असतानाच प्लास्टर घालता येतं, ओटी लागत नाही.

खरी परीक्षा त्यानंतरच्या, दांडीने जोडलेल्या बुटांची. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. इथे निम्मं काम समजावण्याचं आहे. पाय सरळ दिसला की घरचे बूट काढून ठेवतात, आणि पाय परत वळतो. ऊसतोडीला आलेलं कुटुंब असेल तर हंगाम संपल्यावर ते बीडकडे परत जाणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. त्यांच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी, झालेल्या प्लास्टरच्या तारखा आणि बुटाचं माप लिहून द्या. हे कागद त्या बाळाच्या पायाइतकेच महत्त्वाचे आहेत.

बाहेरची पोस्टिंग्ज

अॅनेस्थेशिया, आयसीयू, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी. काही आठवड्यांची असतात, काही कॉलेजांत काही नसतात. बरेच जण ती सुट्टी समजतात. एकेका ठिकाणाहून एकच गोष्ट घेऊन या. अॅनेस्थेशियातून श्वासनलिकेचा ताबा आणि एखादा ब्लॉक, प्लास्टिकमधून उघडं हाड कधी आणि कशाने झाकायचं हे, रेडिओलॉजीतून मणक्याचा एमआरआय पहिल्या इमेजपासून स्वतः वाचणं. फिजिओवाल्यांकडे आठवडाभर बसलात तर कळेल, तुम्ही लिहिलेलं "फिजिओथेरपी करा" हे त्यांच्यासाठी किती निरुपयोगी वाक्य असतं. किती वजन टाकायचं, कुठला सांधा किती अंशापर्यंत, कधीपासून, हे लिहायला तिथे शिकाल.

जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने

2020 पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावं लागतं. रेसिडेंट्स याला कुरकुरतात. केसेस बुडतात म्हणतात. मला हे तीन महिने हवेहवेसे वाटले असते, आमच्या वेळी ते नव्हते. तिथे सी-आर्म कदाचित नसेल, सिनियर फोनवर असेल, आणि समोर पाटण नाहीतर आटपाडीकडचा माणूस असेल, ज्याला मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. काय इथेच करता येईल आणि काय पाठवायलाच हवं, हा निर्णय तिथे एकट्याने घ्यावा लागतो.

पाठवताना चार गोष्टी झाल्याशिवाय अँब्युलन्स सोडू नका: स्प्लिंट, दुखण्याचं औषध, अँटीबायोटिक दिल्याची वेळ, आणि पुढच्या डॉक्टरला फोन. मांडीच्या फ्रॅक्चरला थॉमस स्प्लिंट लावता यायलाच हवा. माप चांगल्या पायावर घ्या, जांघेतला तिरका घेर अधिक दोन इंच ही कडी, आणि जांघ ते टाच अधिक सहा इंच ही लांबी. घाटातल्या खड्ड्यांत त्या लोखंडी सळ्यांनी माणसाचं ओरडणं थांबतं, हे अँब्युलन्समधून एकदा सोबत जाऊन बघा. दिव्यांग प्रमाणपत्राची शिबिरं, शाळा तपासणीत सापडलेली वाकडी पावलं, हीसुद्धा याच महिन्यांत बघायला मिळतात.

थिसिस, परीक्षा आणि झोप

विषय असा घ्या, ज्याचे पेशंट तुमच्याच ओपीडीत येतात आणि परतही येतात. दुर्मीळ ट्यूमरवर थिसिस घेऊन शेवटच्या वर्षी नऊ पेशंट हातात असलेले मी बघितलेत. आपल्याकडे शेतीयंत्रांनी झालेल्या हाताच्या जखमा आहेत, म्हाताऱ्यांचे खुबे आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळायच्या आधी एकही पेशंट घेऊ नका.

परीक्षेला चार पेपर, प्रत्येकी शंभर गुणांचे, त्यानंतर लाँग केस, शॉर्ट केस आणि टेबलं. लाँग केसची तयारी थर्ड इयरला सुरू होत नाही. ओपीडीतल्या जुन्या खुब्याला फर्स्ट इयरपासून टेप लावून मोजत राहिलात, तर परीक्षेत हात आपोआप चालतो.

झोपेबद्दल एवढंच: सलग ड्युटीनंतर मोटरसायकलवर सांगली-मिरज रस्त्यावरून एकट्याने परत जाऊ नका, तिथेच दोन तास आडवे व्हा. आणि रडू येत असेल, जेवण जात नसेल, सगळं सोडून निघून जावंसं वाटत असेल, तर बॅचमेटला, घरच्यांना, मानसोपचार विभागातल्या सिनियरला सांगा. त्याच आठवड्यात सांगा. आपल्या क्षेत्रात हे झाकून ठेवायची पद्धत आहे आणि तिने चांगली पोरं गमावली आहेत.

पोस्टिंग सोडताना

शेवटच्या दिवशी नव्या माणसाला नुसती किल्ली देऊ नका. त्याला घेऊन वॉर्डात एक फेरी मारा. कागदावर खाट, नाव, कितवा दिवस, पुढचं काम, असं लिहून द्या. सात नंबर, टिबिया, एक्स-फिक्स (बाहेरून लावलेला सळ्यांचा सांगाडा), प्लास्टिकचा रेफरन्स परवा दिलाय, आज पुन्हा आठवण करायची. बारा नंबर, खुबा, मंजुरी आली, रक्ताची एक पिशवी बाकी. प्लास्टर रूमच्या मामांचं नाव आणि त्यांच्या चहाची वेळ. आणि चार नंबर, सहा वर्षांची मुलगी, कोपर, आज दुपारी तारा घातल्यात: रात्री दहाला आणि दोनला स्वतः जाऊन बोटं बघायची, आई उठवायला आली तर लगेच जायचं.